शरणपूरचे रे. विल्यम जोन्स

डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांची गोष्ट आपल्या रविवारच्या शाळांतून पुष्कळदा सांगितली जाते. आफ्रिकेच्या अंतर्भागात, एका झोपडीत, गुडघे टेकलेल्या स्थितीत त्यांना मरण आले. त्यांच्या सोबत्यांनी त्यांचे हृदय तेथेच झाडाखाली पुरले आणि देह कापडात गुंडाळून शेकडो मैल समुद्रापर्यंत वाहून आणला. इंदूरला आमच्या वर्गातील मुलांना हे सर्व पाठ आहे. परंतु त्या झाडाखाली प्रेतसंस्काराचे वाचन ज्याने केले आणि झाडाच्या खोडावर लिव्हिंग्स्टन यांचे नाव ज्याने कोरले, तो जेकब वेनराईट नावाचा तरुण नाशिकच्या शरणपुरात शिकलेला होता, हे मुलांना ठाऊक नसते, आणि शिक्षकांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असते. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंग्स्टन यांना मूठमाती मिळाली, तेव्हा शवपेटीबरोबर चालणाऱ्यांत हा आपला नाशिककर होता.

जेकबविषयी परदेशांत बरेच लिहिले गेले आहे. आज आम्हाला लिहावयाचे आहे ते त्याच शरणपुरातून त्याच्याही आधी आफ्रिकेस गेलेल्या एका गृहस्थाविषयी. रे. विल्यम हेन्री जोन्स हे त्यांचे नाव. पूर्व आफ्रिकेच्या मंडळीच्या इतिहासात हे नाव चांगलेच माहीत आहे. आज ज्याला केनिया म्हणतात त्या देशात दीक्षा मिळालेल्या पहिल्या दोन आफ्रिकी सेवकांपैकी ते एक. आपल्या महाराष्ट्रात मात्र, जेथे ते वाढले, तेथे त्यांची आठवण जवळजवळ बुजली आहे.

त्यांचा जन्म १८४० च्या सुमारास पूर्व आफ्रिकेत झाला. आईबापांनी त्यांना काय नाव ठेवले होते, ते कोणत्याच पुस्तकात दिलेले नाही. जोन्स हे नाव त्यांना मागाहून मिळाले. लहानपणीच ते गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती सापडले. त्या काळी आतल्या मुलखातून माणसांचे तांडे जोखडात अडकवून किनाऱ्यावर आणीत, तेथून झांझिबारच्या बाजारात विकीत आणि अरबी समुद्रातून गलबतांनी अरबस्तान व इराणच्या आखाताकडे पाठवीत. ब्रिटिश आरमाराची जहाजे या गलबतांचा पाठलाग करीत. पकडलेल्या गलबतावरील सुटलेल्या माणसांना पुन्हा त्यांच्या गावी पोहोचविणे शक्य नसे, कारण मुलांना आपले गाव कोठे हेच सांगता येत नसे, आणि पोहोचविले तरी वाटेत ती पुन्हा धरली जात. म्हणून अशा मुलांपैकी पुष्कळ मुंबईस उतरविली जात. सरकार त्यांपैकी काहींना मिशनांच्या स्वाधीन करी. विल्यम त्यांपैकी एक.

चर्च मिशनरी सोसायटीचे रे. विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४ च्या सुमारास नाशिकजवळ एक ख्रिस्ती वस्ती वसविली. ख्रिस्ती झाल्यामुळे घरादाराला मुकलेल्यांना तेथे आसरा मिळावा हा हेतू. जुन्या करारातील आश्रयनगरांची आठवण राहावी म्हणून तिला शरणपूर म्हणू लागले. आज नाशिक शहर वाढून ही वस्ती त्याच्या पोटात गेली आहे आणि शरणपूर रस्त्यावरून दिवसभर रहदारी चालते. त्या नावातील शरण कोणाला मिळाले होते, याचा विचार तेथून जाणाऱ्यांच्या मनात क्वचितच येत असेल. या वस्तीत शाळा होती, आणि लोहारकी, सुतारकी यांसारखे धंदे शिकविण्याची सोय होती. १८६० नंतर आफ्रिकी मुलांचे आश्रयस्थानही येथे आले. त्याची जबाबदारी रे. इझेनबर्ग यांच्याकडे होती. हे जर्मन मिशनरी आधी अबिसीनियात डॉ. क्राफ यांच्याबरोबर सेवा करीत होते. तेथून निघावे लागल्यावर ते मुंबईस आले होते. म्हणजे आफ्रिकेचे दार ज्यांच्या तोंडावर बंद झाले, त्यांच्याच ओटीत देवाने आफ्रिकेची मुले आणून टाकली.

ही मुले नाशिकच्या बाजारात हिंडली असतील, गोदावरीच्या काठी गेली असतील. ती हिंदुस्तानी बोलत, मराठी त्यांच्या कानावरून जात असे, आणि शाळेत इंग्रजी शिकत. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. त्यांना नावे दिली ती मिशनऱ्यांची व देणगीदारांची. जोन्स, सेमलर, वेनराईट, फरार अशी ती नावे आहेत. पोशाखही तसाच. त्या काळच्या चांगल्या माणसांनाही यात काही वावगे वाटले नाही. पुढे हीच नावे आणि हाच पोशाख आफ्रिकेत त्यांच्या वाटेत आले. तेथल्या लोकांना ते आपले वाटेनात, आणि गोऱ्या मिशनऱ्यांना ते आपल्या बरोबरीचे वाटेनात.

मोंबासाच्या किनाऱ्यापासून आत काही मैलांवर टेकडीवर रबाई नावाचे गाव आहे. डॉ. क्राफ यांनी १८४४ साली मोंबासास येताच त्यांची पत्नी व तान्ही मुलगी तापाने वारली. दोघींना मूठमाती देऊन त्यांनी काम सुरू केले. दोन वर्षांनी रे. रेबमन आले आणि रबाईस ठाणे झाले. क्राफ मायदेशी परतल्यावर रेबमन जवळजवळ एकटेच राहिले. वीस वर्षे होत आली तरी मंडळी मूठभरच होती. त्यांच्या मदतीला १८६४ साली शरणपुराहून विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिड या तिघा तरुणांना त्यांच्या पत्नींसह पाठविण्यात आले. जोन्स यांच्या पत्नीचे नाव जेमायमा. संडेस्कूल शिक्षकांनी फळ्यावर नकाशा काढून मुलांना नाशिक, मुंबई, झांझिबार आणि मोंबासा ही चार ठिकाणे दाखवावीत. ज्या समुद्रातून जोन्स बेडीत आले होते त्याच समुद्रातून ते शुभवर्तमान घेऊन परत गेले.

सुरुवातीची वर्षे जिकिरीची गेली. रेबमन यांची दृष्टी मंदावत चालली होती, आणि पुढे ते पूर्ण आंधळे झाले. सोसायटीचे लक्ष दुसरीकडे होते. खरे काम वाढले ते दहा वर्षांनी. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी शरणपूर स्वतः पाहिलेले होते. त्यांना इंग्लंडच्या सरकारने १८७२-७३ साली झांझिबारच्या सुलतानाकडे गुलामांच्या व्यापारासंबंधी बोलणी करण्यास पाठविले. ५ जून १८७३ रोजी तह झाला, समुद्रावरील गुलामांचा व्यापार बेकायदेशीर ठरला आणि झांझिबारचा बाजार बंद पडला. आता पकडलेल्या गलबतांवरील माणसे उतरवायची कोठे, असा प्रश्न आला. नाशिकला जे केले ते आफ्रिकेच्याच किनाऱ्यावर करावे, आणि नाशिकला शिकलेल्यांच्याच हातून करावे, असे फ्रिअर यांनी सुचविले. तेव्हा प्राइससाहेबच १८७४ साली मोंबासास गेले. खाडीपलीकडे जमीन घेऊन त्यांनी वस्ती उभारली. तिला फ्रिअरटाउन नाव पडले. पश्चिम हिंदुस्थानातून सुमारे दीडशे आफ्रिकी ख्रिस्ती माणसे तेथे गेली. त्यांना बाँबे आफ्रिकन म्हणत. शिक्षक, सुतार, लोहार, उपदेशक, दुभाषी, सगळे तेच. जहाजावरून शेकडो भुकेली, आजारी, भेदरलेली माणसे उतरत, तेव्हा त्यांच्यापुढे उभा राहणारा माणूस स्वतः तशाच गलबतातून आलेला असे. त्याला काही समजावून सांगावे लागत नसे.

परंतु या वसाहतीत सगळे गोड होते असे नाही. प्राइससाहेब परत गेल्यावर एका गोऱ्या व्यवस्थापकाने शिस्तीच्या नावाखाली सुटलेल्या माणसांना फटके मारले, कोंडून ठेवले. गाऱ्हाणे ब्रिटिश कॉन्सलपर्यंत गेले, १८८१ साली चौकशी झाली आणि प्राइस यांना पुन्हा बोलावून घ्यावे लागले. बाँबे आफ्रिकन सेवकांना मिळणारा पगार व मान यांवरूनही कुरबूर होत राहिली, आणि ती वाजवी होती. ज्यांनी आधी कष्ट उपसले त्यांच्यावर कालपरवा आलेल्या, भाषाही न जाणणाऱ्या तरुणांना वरिष्ठ म्हणून नेमले जाई. जोन्स १८६४ साली आले. त्यांना डीकनची दीक्षा मिळाली १८८५ साली. एकवीस वर्षे ते उपदेशकच होते. आपल्याकडेही जुन्या पिढीतील कित्येक देशी सेवकांचे असेच झाले, हे वाचकांना सांगावयास नकोच.

१८८५ च्या जानेवारीत बिशप जेम्स हॅनिंग्टन मोंबासास आले. पूर्व आफ्रिकेचे हे पहिले बिशप. वय सदतीस, स्वभाव मोकळा, पायी चालण्याची हौस दांडगी. त्यांनी येताच माणसे पारखली आणि ३१ मे १८८५ रोजी, त्रैक्याच्या रविवारी, जोन्स व सेमलर या दोघांना दीक्षा दिली. जॉर्ज डेव्हिड आदल्याच वर्षी प्रभूकडे गेले होते. तो दिवस पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

दोन महिन्यांच्या आत, २३ जुलैला, बिशप रबाईहून युगांडास निघाले. आजवरचा रस्ता दक्षिणेकडून सरोवराला वळसा घालून जात असे. तो लांब होता आणि रोगट होता. मसाई लोकांच्या मुलखातून थेट पश्चिमेस जाणारा जवळचा रस्ता काढावा असे बिशपांच्या मनात होते. बरोबर दोनशेंवर हमाल, आणि सोबतीला एकटे जोन्स. गोरा मिशनरी त्यांनी मुद्दाम घेतला नाही. वाटेत धान्य मिळेना, कोठे लोक वस्त्या सोडून रानात पळत, कोठे बाण मारीत. नैवाशा सरोवराच्या आसपास मसाई लढवय्ये तंबूत शिरून कापड, मणी आणि तारांची मागणी करीत. बिशप तापाने फणफणत. अशा वेळी तांडा एकत्र ठेवणे, हमालांची भांडणे मिटविणे, शिधा वाटणे ही कामे जोन्स यांच्याकडे असत. ऑक्टोबरच्या आरंभी ते सर्व क्वा सुंदू या गावी पोहोचले. आज पश्चिम केनियात मुमियास नावाचे गाव आहे तेच हे.

तेथे बिशपांनी एक निर्णय घेतला. पन्नास माणसे घेऊन ते स्वतः पुढे जाणार, आणि जोन्स यांनी उरलेला तांडा घेऊन तेथेच थांबायचे. १२ ऑक्टोबरला ते निघाले. आता आपल्याला कळते की बुगांडाचा तरुण राजा म्वांगा याच्या दरबारात पूर्वेकडून येणाऱ्या माणसाची मोठी धास्ती होती. राज्य खाणारे त्या बाजूने येतील अशी समजूत होती. बिशपांना याची कल्पना नव्हती. बुसोगा प्रांतात लुबा नावाच्या सरदाराने त्यांना धरले, आठ दिवस कोंडून ठेवले आणि राजाचा हुकूम येताच २९ ऑक्टोबर १८८५ रोजी त्यांना व त्यांच्याबरोबरच्या माणसांना ठार केले. पन्नासांतून तीन-चारच कसेबसे निसटले.

ते क्वा सुंदूस येऊन पोहोचले आणि त्यांनी जोन्स यांना हकीकत सांगितली. जोन्स यांनी लगेच पाठ फिरविली नाही. कदाचित कोणी जखमी होऊन रानात पडले असेल, कदाचित बिशप कैदेत असतील, या आशेने ते थांबले. हातात दीडशे माणसे, कापड आणि मणी संपत आलेले, मुलूख परका, मागे फिरायची वाट मसाई मुलखातून, आणि दीक्षा मिळून सहा महिनेही झालेले नाहीत. या दिवसांत ते रोजनिशी लिहीत होते, म्हणून त्यांच्या मनाची घालमेल पुढच्या लोकांना कळली. अखेर डिसेंबरच्या आरंभी, आता कोणी येणार नाही अशी खात्री झाल्यावर, त्यांनी तांडा परत वळविला.

दोन महिन्यांनी, १८८६ च्या फेब्रुवारीच्या आरंभी, रबाईच्या लोकांना तांडा येताना दिसला. पुढे चालणाऱ्या माणसाच्या हातात निळ्या कापडाचे निशाण होते आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द होता, ईखाबोद. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात पलिष्ट्यांनी कोश नेला त्या दिवशी जन्मलेल्या मुलाला आईने ठेवलेले हे नाव. वैभव गेले असा त्याचा अर्थ. जोन्स यांनी प्रवासात हे निशाण करविले होते. बिशप गेल्याचे दुःख इंग्लंडभर झाले, पुस्तके निघाली. परंतु ज्या पन्नास हमालांच्या बायका निशाणामागे चालत येणाऱ्यांत आपला माणूस शोधीत होत्या, त्यांच्याजवळ जाऊन बसणारे कोण होते? जोन्सच होते. त्यांचे गाव तेच होते. आणि दीडशे माणसे त्या मुलखातून त्यांनी माघारी आणली, हे काम आमच्या मते बिशपांच्या धाडसापेक्षा कमी मोलाचे नाही. त्याच्यावर वेगळे पुस्तक मात्र कोणी लिहिले नाही.

या रक्ताचा सूड घेतला गेला नाही, हेही येथे नोंदले पाहिजे. हॅनिंग्टन यांच्या जागी बिशप पार्कर आले. ते आपल्या मध्य प्रदेशातल्या मंडल्याला गोंड लोकांत सेवा करीत होते, तेथूनच त्यांना बोलावणे गेले. त्यांनी म्वांगा राजाला पत्र पाठवून कळविले की आम्ही सूड मागत नाही, तुझ्या राज्यातील ख्रिस्ती लोकांना छळू नको एवढेच मागतो. पार्करही १८८८ साली सरोवराकाठी तापाने वारले. म्वांगा पुढे पदच्युत होऊन सेशेल्स बेटावर कैदेत असताना त्याचा बाप्तिस्मा झाला. आणि बिशपांचा मुलगा मिशनरी होऊन युगांडात आला, तेव्हा लुबा सरदाराच्या मुलाला बाप्तिस्मा देण्याचे काम त्याच्याकडे आले.

जोन्स रबाईस परतले आणि तेथल्या मंडळीचा भार त्यांच्यावर राहिला. इंदुरात १८८७ साली रे. विल्की यांनी कॉलेज सुरू केले, त्याच सुमाराची ही हकीकत. जोन्स यांची खरी परीक्षा आमच्या मते मसाईंच्या मुलखात झाली नाही, ती येथे झाली.

समुद्रावरचा व्यापार बंद झाला होता, पण जमिनीवरची गुलामी सुलतानाच्या कायद्याप्रमाणे अजून चालू होती. किनाऱ्यावरील अरब व स्वाहिली जमीनदारांच्या मळ्यांत हजारो गुलाम राबत होते. त्यांतले काही पळून रबाईस येऊ लागले. टेकडीवर एक आफ्रिकी पाळक आहे, तोही कधीकाळी गुलाम होता, ही बातमी पसरायला कितीसा वेळ लागणार? ते येत, झोपडी बांधीत, शेत करीत, शाळेत मुले पाठवीत, प्रार्थनेला बसत. काही आपण स्वतंत्र आहोत असे सांगत, काही खरे सांगत. पळालेल्या गुलामांना ठेवून घेऊ नये असा सोसायटीचा नियम होता, कारण कायदा मोडल्यास सगळे मिशनच उखडले जाईल अशी भीती होती. मोंबासाचे लोक हत्यारे घेऊन वस्तीवर चालून येण्याच्या गोष्टी १८८० पासूनच चालल्या होत्या.

आता पाळकाने काय करावे? अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायात मालकाकडून पळून आलेल्या दासाला परत देऊ नये अशी आज्ञा आहे. फिलेमोनाच्या पत्रात पौल अनेसिमाला परत पाठवितो, पण भाऊ म्हणून स्वीकार असे बजावून पाठवितो. रबाईच्या मालकांत कोणी फिलेमोन नव्हता. परत पाठविलेल्या गुलामाचे काय होते हे जोन्स यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. त्यांनी नियम उघडपणे धिक्कारला नाही आणि आलेल्यांना हाकलूनही दिले नाही. हे बरोबर की चूक, यावर सोसायटीत तेव्हाही दोन मते होती. आमच्या अभ्यासवर्गात हा प्रश्न घेतला तर आजही दोन मते पडतील. शिस्त पाळणारा सेवक आम्हाला आवडतो. पण दारात उभ्या असलेल्या माणसाच्या जागी एकेकाळी आपण होतो, हे विसरणारा सेवक कोणालाच आवडणार नाही.

१८८८ साली गळू फुटायच्या बेताला आले. जमीनदार खवळले होते. इंग्रजांच्या नव्या व्यापारी कंपनीचे अधिकारी जॉर्ज मॅकेंझी त्याच सुमारास मोंबासास उतरले. वृद्ध प्राइससाहेब तिसऱ्यांदा फ्रिअरटाउनला आले होते. शोध घेतला तेव्हा मिशनांच्या वस्त्यांवर पळून आलेले गुलाम चौदाशेंच्या आसपास निघाले, आणि त्यांतले बहुतेक रबाईस होते. प्राइस थक्क झाले. कायद्याने त्यांना परत द्यावयास हवे होते. दिले तर चौदाशे माणसे पुन्हा चाबकाखाली जाणार, न दिले तर लढाई होणार, आणि ती रबाईच्या झोपड्यांत होणार. त्या दिवसांत रबाईच्या टेकडीवर रात्री किती जणांना झोप लागली असेल?

मॅकेंझी यांनी तोड काढली. मालकांना प्रत्येक गुलामामागे पंचवीस डॉलर भरपाई द्यायची आणि गुलामाला मुक्तिपत्र द्यायचे. पैसा कंपनीने, इंग्लंडच्या सरकारने आणि मिशनच्या मित्रांनी मिळून उभा केला. मालक कबूल झाले. एकेकाचे नाव, मालकाचे नाव, राहण्याचे ठिकाण यांची यादी करावी लागली. हे किचकट काम गावातल्या माणसांना ओळखणाऱ्यावाचून होणे शक्य नव्हते. १ जानेवारी १८८९ रोजी, नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी, रबाईस मुक्तिपत्रे वाटण्यात आली. मालक पैसे घेऊन गेले, माणसे कागद घेऊन घरी गेली आणि रक्त सांडले नाही.

या सौद्यावर आक्षेप घेणारे होते. पैसा देणे म्हणजे माणूस ही मालमत्ता आहे असे मान्य करणे, असे ते म्हणत. तत्त्व म्हणून ते खरे आहे. तरी ज्याच्या हाती मुक्तिपत्र आले त्याने ते तत्त्वासाठी परत केले असते असे आम्हाला वाटत नाही. दुसरी गोष्ट अशी की मोंबासाचे जमीनदार आणि रबाईची मंडळी यांना पुढेही शेजारीच राहावयाचे होते. त्याच बाजारात मका विकायचा होता, त्याच विहिरींवर पाणी भरायचे होते. हिशेब चुकता झाल्यामुळे ते शक्य झाले. केनियाच्या किनाऱ्यावर कायद्याने गुलामी बंद व्हायला १९०७ साल उजाडावे लागले. रबाईच्या या माणसांना ती मोकळीक अठरा वर्षे आधी मिळाली.

यानंतरच्या वर्षांविषयी थोडक्यात सांगतो. बिशप टकर यांनी १८९५ साली जोन्स यांना पूर्ण पाळकपदाची दीक्षा दिली. रबाईची शाळा चालू राहिली, तेथून आणि फ्रिअरटाउनहून शिकलेली मुले शिक्षक व उपदेशक होऊन आतल्या गावांत गेली. पगार व मान यांचा जुना वाद मात्र संपला नाही. नव्या पिढीचे मिशनरी बाँबे आफ्रिकन सेवकांना गर्विष्ठ म्हणत. ज्यांनी चाळीस वर्षे सगळा डोलारा पेलला त्यांना थोडा अभिमान वाटला तर तो गर्व म्हणावा का, याचा विचार वाचकांनीच करावा. विसाव्या शतकाच्या आरंभी जोन्स यांनी आपली धाव पुरी केली.

फ्रिअरटाउनला १९०३ साली सुटलेल्या गुलामांच्या मुलांसाठी सेवकांची शाळा निघाली. ती १९३० साली नैरोबीजवळ लिमुरू येथे गेली आणि आता तेथे सेंट पॉल विद्यापीठ आहे. तेथे निरनिराळ्या पंथांचे आणि निरनिराळ्या जमातींचे तरुण पाळकपणाचे शिक्षण घेतात. शरणपूरच्या पहिल्या तुकडीतील तिघांना असे रीतसर शिक्षण मिळाले नव्हते. त्यांना मिळाले ते इझेनबर्ग व प्राइस यांच्या घरचे वळण, एक धंदा आणि शास्त्र. बाकीचे ते रेबमनांच्या अंधारत्या खोलीत आणि हमालांच्या तांड्यात शिकले.

मोंबासात खाडीपलीकडे रस्त्याच्या कडेला एक लहानसा घंटेचा मनोरा आहे. गुलामांचे गलबत किनाऱ्याला लागताना दिसले की फ्रिअरटाउनची माणसे ही घंटा वाजवीत आणि वस्तीतले सगळे सावध होत. शहर वाढले, वस्ती त्यात विरून गेली. तरी त्या भागाला लोक आजही केंगेलेनी, म्हणजे घंटेपाशी, असेच म्हणतात.